घोरपडीचे पिल्लू आणि काचेची पेटी

अमेरिका आणि युरोपातील प्राण्यांच्या दुकानांत एका काचेच्या टाकीसमोर मुले हमखास थांबतात. आत वीतभरही नसलेले, मातकट रंगाचे, अंगावर फिकट ठिपके असलेले घोरपडीचे पिल्लू असते. दुभंगलेली निळसर जीभ सारखी बाहेर काढत ते काचेपलीकडच्या माणसांकडे पाहत असते. ही आफ्रिकेतील ‘सव्हाना मॉनिटर’ जातीची घोरपड. दरवर्षी घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून अशी हजारो पिल्ले परदेशी पाठवली जातात. पिल्लाची किंमत बेताची असते. सोबत एक छोटी काचेची टाकी, जाळीचे झाकण, वाळूची पिशवी आणि एक तापणारा दिवा असा संच घेऊन घरातली मंडळी आनंदाने परततात.

पण यातील पुष्कळ पिल्ले फार दिवस जगत नाहीत. काही पहिल्या काही आठवड्यांतच मरतात, तर काही दोन-तीन वर्षे खंगत जगतात. बहुतेक वेळा मालकाने हयगय केलेली नसते. दुकानदाराने सांगितले ते सगळे त्याने केलेले असते. चूक असते ती त्या पेटीच्या कल्पनेतच.

तापते ऊन, ओलसर बीळ

घोरपड थंड रक्ताची, म्हणजे ती स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता तयार करू शकत नाही. अन्न पचवायचे, वाढायचे, रोगाशी झुंजायचे तर तिला बाहेरून ऊब घ्यावी लागते. त्यातही घोरपडी इतर सरड्या-पालींपेक्षा वेगळ्या. बहुतेक सरड्यांना धावताना नीट श्वास घेता येत नाही, कारण धावण्याचे आणि श्वासाचे काम छातीचे तेच स्नायू करतात. घोरपडीने यावर उपाय शोधला आहे. ती गळ्याची पिशवी फुगवून-दाबून हवा फुप्फुसांत ढकलते. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी याच सव्हाना मॉनिटरवर प्रयोग करून हे दाखवले. धावत्या घोरपडीचा जबडा उघडा ठेवून गळ्याचा हा पंप बंद पाडला, तेव्हा तिच्या फुप्फुसांत जाणारी हवा कमी झाली. पुढे अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले, की हिच्या फुप्फुसांच्या बऱ्याच भागांत हवा पक्ष्यांप्रमाणे एकाच दिशेने वाहते.

अशा चपळ शरीराचे इंजिन चालवायला ऊनही कडक लागते. अंग शेकण्याच्या जागेचा पृष्ठभाग साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापलेला असेल, तर सव्हाना मॉनिटर तिथे काही मिनिटे पसरते, अंग तापवते आणि निघून जाते. आकडा वाचून दचकायला होते. पण भर उन्हात कातळावर अनवाणी पाय ठेवलेल्या कोणालाही हे तापमान ओळखीचे असेल.

खरी मेख पुढेच आहे. हवा तापली की ती कोरडी होते. २५ अंशांना ६० टक्के आर्द्रता असलेली हवा ४० अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता जेमतेम २५ टक्के उरते. हवेतील बाष्प तेवढेच असते, पण तापलेल्या हवेची तहान वाढलेली असते आणि ती तहान ती पिल्लाच्या अंगातल्या पाण्यावर भागवते. पिल्लू जितके लहान, तितका त्याच्या वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा. त्यामुळे मोठ्या घोरपडीपेक्षा पिल्लू कितीतरी लवकर सुकते. त्यात झाकण जाळीचे असेल, तर दिव्याने तापलेली हवा उरलासुरला ओलावा घेऊन सरळ वर निघून जाते.

मग आफ्रिकेच्या रणरणत्या गवताळ प्रदेशात ही पिल्ले जगतात कशी? डॅनियल बेनेट या अभ्यासकाने घानाच्या किनाऱ्यालगतच्या मैदानांत आणि शेतांत या पिल्लांचा माग काढला. ती सापडली जमिनीखाली, बिळांमध्ये. त्यांतली काही बिळे तर मोठ्या रातकिड्यांनी खणलेली होती. पिल्लाला राहायला बीळ आणि खायला बीळमालक, अशी ती सोय! जमिनीवर आग ओतणारे ऊन असले, तरी हात-दीड हात खाली माती ओलसर आणि मवाळ असते. पिल्लू थोडा वेळ वर येते, तापते, शिकार करते आणि पुन्हा ओलाव्यात जाते. म्हणजे त्याला ऊनही हवे आणि ओलही. दोन्ही एकाच वेळी देऊ शकते ती फक्त माती.

पिल्लाचे घर कसे असावे?

ही गोष्ट ध्यानात घेतली की पेटीची रचना आपोआप ठरते. ज्या देशांत ही घोरपड पाळायला कायद्याने मुभा आहे, तिथले अनुभवी पालक आता दुकानातल्या संचाच्या नेमके उलटे करतात.

पिल्लासाठी साधारण चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन-अडीच फूट उंच पेटी घेतात. तिचे झाकण जाळीचे नसते, भरीव असते. हवेसाठी मोजकीच छिद्रे पुरतात, कारण रोज दार उघडताना हवा बदलतेच. तळाशी किमान एक फूट माती घालतात. नुसती वाळू चालत नाही, कारण तिच्यात बीळ टिकत नाही. वाळू मिसळलेली चिकणसर माती लागते. मूठ आवळल्यावर तिचा गोळा झाला पाहिजे, पण त्यातून पाणी ठिबकता कामा नये. वर पालापाचोळा, सालपटे, पोकळ ओंडका आणि लपायला भरपूर आडोसे. उघड्यावर पडलेले पिल्लू सतत भेदरलेले राहते आणि भेदरलेले पिल्लू खात नाही.

दिवा पेटीच्या एकाच टोकाला असतो. त्याखाली सपाट दगड किंवा लाकूड ठेवतात. दुसरे टोक २५ ते २८ अंशांवर राहू देतात, म्हणजे तापायचे की निवायचे हे पिल्लालाच ठरवता येते. हवेचे तापमान दाखवणारे थर्मामीटर इथे पुरत नाही. दगड किती तापला, हे कळायला इन्फ्रारेड थर्मामीटर लागते. दिव्याला जाळीचे आवरण हवे, नाहीतर पिल्लू त्यावर चढून भाजते. विजेवर तापणारे कृत्रिम दगड तर धोक्याचेच असतात. त्यांनी पोट भाजते आणि प्राण्याला ते वेळेत जाणवत नाही. शिवाय अतिनील-ब किरण देणारी नळी बसवतात. या किरणांमुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते, त्यामुळे कॅल्शियम अंगी लागते. ते न मिळाल्यास हाडे मऊ होतात आणि जबडा वाकतो.

खाण्याच्या बाबतीतही घोळ होतो. सव्हाना मॉनिटर मुख्यतः किडे खाणारी. रातकिडे, टोळ, झुरळे, भुंगेरे, गोगलगायी हा तिचा आहार. दुकानांतून मिळणारे गोठवलेले उंदीर देणे सोपे, म्हणून तेच दिले जातात आणि घोरपड फुगत जाते. तिच्या पोटात चरबीचे थर साचतात. पिल्लाला रोज लहान किडे द्यावे लागतात, त्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरून.

कोरडेपणाचा हिशेब

कोरड्या पेटीतले पिल्लू लगेच मरत नाही, म्हणूनच चूक लवकर लक्षात येत नाही. सरपटणारे प्राणी अंगातला नायट्रोजनचा कचरा यूरिक आम्लाच्या रूपात, पांढऱ्या लगद्यासारखा बाहेर टाकतात. पाणी वाचवण्याची ही उत्तम युक्ती आहे. पण शरीर सतत सुकत राहिले, तर हे यूरिक आम्ल मूत्रपिंडांत, सांध्यांत, हृदयाभोवती स्फटिकांच्या रूपात साचू लागते. माणसांतही यूरिक आम्ल वाढले की अंगठा सुजून ठणकतो. तोच हा ‘गाउट’. घोरपड मात्र कण्हत नाही. ती कमी हलते, कमी खाते आणि मालकाला वाटते, शांत स्वभावाची आहे.

मादीच्या वाट्याला आणखी एक संकट येते. अंडी घालायला खोल, ओलसर माती मिळाली नाही, तर ती अंडी अडवून धरते आणि त्यातच दगावू शकते. म्हणूनच या जातीची पैदास बंदिवासात फारशी होत नाही. दुकानांतली बहुतेक पिल्ले रानातून उकरून आणलेल्या अंड्यांतून किंवा पोटात अंडी असताना पकडलेल्या माद्यांपासून आलेली असतात. एक पिल्लू मेले की त्याची जागा घ्यायला आफ्रिकेतून दुसरे येते.

पिल्लू वाढेल तेव्हाचे काय, याचाही हिशेब मांडायला हवा. चार बाय दोन फुटांच्या पेटीत एक फूट माती म्हणजे तीनशे किलोंहून अधिक वजन. हेच पिल्लू पुढे साधारण मीटरभर लांब होते. तेव्हा त्याला आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच जागा लागते आणि दोन फूट खोल माती. ही माती भरते सुमारे अडीच टन. ती कुठल्या फ्लॅटच्या कुठल्या खोलीत ठेवायची? दिवे रोज आठ-दहा तास चालणार, ते वेगळेच. पिल्लाची किंमत या खर्चापुढे चिल्लर ठरते.

घरातल्या माणसांचाही विचार हवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू अनेकदा असतात. प्राणी ठणठणीत दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून हे जिवाणू पाण्याच्या भांड्यावर, मातीत, त्याच्या अंगावर पसरतात. ते पोटात गेले तर जुलाब आणि ताप येतो. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना हा संसर्ग गंभीर होऊ शकतो. म्हणूनच पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात असे प्राणी ठेवू नयेत, असा सल्ला अमेरिकेतील आरोग्य यंत्रणा देते. प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि त्याची भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत न धुणे, ही किमान काळजी.

आपल्या घोरपडीचे काय?

आपल्याकडे घोरपडीशी नाते जुने आहे. तानाजी मालुसरे यांच्या सिंहगडावरील पराक्रमासोबत यशवंती घोरपडीची आख्यायिका घरोघरी सांगितली जाते. इतिहासाच्या कसोटीवर ती टिकत नाही, पण तिच्या पंजांच्या पकडीबद्दलचा लोकांचा आदर त्यातून कळतो. आपली घोरपड पावसाळ्यात अंडी घालते, जमिनीत बीळ करून किंवा वारुळात. वारूळ म्हणजे निसर्गाने बांधलेली तीच आदर्श पेटी. बाहेर उन्हाळा असो वा थंडी, आत ऊब आणि ओल फारशी बदलत नाही. काही महिन्यांनी त्यातून पिवळसर ठिपक्यांची पिल्ले बाहेर पडतात. आई त्यांना वाढवत नाही. पहिल्या दिवसापासून ती स्वतःची शिकार स्वतः करतात.

असे एखादे पिल्लू पावसाळ्यात अंगणात, गोठ्यात किंवा न्हाणीघरात शिरते. ‘आई नाही, बिचारे एकटे आहे’ असे वाटून काही जण ते खोक्यात ठेवतात, दूध पाजायला बघतात. दोन्ही चूक. ते पोरके नसते आणि दूध त्याचे अन्न नव्हे. ते विषारीही नसते, त्यामुळे काठी उगारण्याचे कारण नाही. मांजर-कुत्रे बाजूला करावे, दार उघडे ठेवावे आणि त्याला वाट द्यावी. जखमी असेल किंवा अडकले असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. माणसे येईपर्यंत छिद्रे असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली कापड घालून, सावलीत आणि शांत जागी ठेवावे. खाऊ घालू नये, उन्हातही ठेवू नये.

ते घरी ठेवून घेणे हा मात्र गुन्हा आहे. भारतातील घोरपडी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच घोरपडीला. त्यांना पकडणे, मारणे, पाळणे वा विकणे यासाठी तीन ते सात वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. परदेशी घोरपडींनाही आता मोकळे रान नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे आणि सव्हाना मॉनिटर त्याच यादीत मोडते.

शेताच्या बांधावरचे वारूळ, विहिरीजवळचा दगडांचा ढीग, न जाळलेला पालापाचोळा एवढे राहू दिले, तरी आपल्याकडच्या पिल्लाला लागणारे सगळे मिळते. वर ऊन, खाली ओल आणि मध्ये रातकिडे. काचेच्या पेटीत जे उभे करायला अडीच टन माती लागते, ते बांधावर आधीपासूनच असते. फक्त ते मोडायचे नाही.