लायनीखालचं वावर आणि पिंजऱ्यातले उंदीर

नकाशात अकोला आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या मध्ये बुलढाणा जिल्हा बसतो. विदर्भातल्या औष्णिक केंद्रांची वीज पश्चिमेकडे न्यायची म्हटलं की उच्चदाबाच्या लाइनी आपल्या वावरांवरून जाणारच. टॉवर उभा राहताना भांडण होतं ते मोबदल्याचं. तारांत वीज खेळायला लागली की दुसरी कुजबुज सुरू होते. "लायनीखालून चाललं की अंगावरचे केस उभे होतेत," असं एक जण सांगतो, तर दुसरा गावातल्या कॅन्सरच्या पेशंटांची घरं टॉवरपासून मोजायला घेतो.

केस उभे राहतात हे खरंच आहे. पण ते काम विद्युतक्षेत्राचं. तारेच्या कुंपणाला हात लागल्यावर बसणारा झटकाही त्याचाच, आणि पावसाळी हवेत तारांची चरचर होते तीही व्होल्टेजमुळेच. कॅन्सरचा संशय आहे तो चुंबकीय क्षेत्रावर. तारेतून जितका प्रवाह जास्त तितकं ते मोठं. भिंत, छप्पर, अंग यांतून ते आरपार जातं आणि माणसाला पत्ताही लागत नाही. उपकरणांना मात्र लागतो. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. शहरात विजेच्या ट्राम येणार हे दिसताच ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं, तेही लोखंड न वापरता बांधलेल्या इमारतीत.

संशयाची सुरुवात १९७९ ची. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांनी कॅन्सरने दगावलेल्या मुलांची घरं आणि त्यांच्याजवळच्या विजेच्या तारा यांचा मेळ घातला. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेल्या मुलांच्या घरांजवळ जास्त प्रवाहाच्या तारा अधिक वेळा आढळल्या. पण अशा मोजणीत गरिबी, रहदारी, घराचं वय असं बरंच काही मिसळलेलं असतं. म्हणून प्रश्न प्रयोगशाळेतल्या जनावरांकडे गेला.

त्यातला एक मोठा प्रयोग अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाचा. त्याचा अहवाल १९९९ मध्ये आला. उंदीर आणि घुशीएवढे मोठे प्रयोगशाळेतले रॅट, दोन्हींच्या प्रत्येक गटात शंभर नर आणि शंभर माद्या, असे एकूण दोन हजार प्राणी. दिवसाला साडेअठरा तास, दोन वर्षं, म्हणजे त्यांचं जवळजवळ अख्खं आयुष्य. क्षेत्र २, २०० आणि १००० मायक्रोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). एका गटाला १००० चं क्षेत्र तासाआड दिलं, आणि एका गटाला क्षेत्र दिलंच नाही. रॅटच्या माद्यांत आणि उंदरांच्या नर-माद्यांत कॅन्सर वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. नर रॅटच्या थायरॉइडमध्ये एका प्रकारच्या गाठी थोड्या जास्त दिसल्या, पण त्या २ आणि २०० च्या गटांत. १००० ला आकडा उलट उतरला. फवारणीचं औषध पाचपट केल्यावर अळी कमी मरायला लागली, तर आपण औषधावर विश्वास ठेवू का? शास्त्रज्ञांनीही या निकालावर 'संदिग्ध' एवढाच शेरा मारला.

माझ्या मते खरी गंमत जर्मनीतल्या हॅनोव्हरची आहे. वोल्फगांग लोशर आणि मायके मेविसेन यांनी रॅटच्या माद्यांना आधी डीएमबीए हे कॅन्सर घडवणारं रसायन दिलं, मग १०० मायक्रोटेस्लात तेरा आठवडे ठेवलं. स्तनाच्या गाठी सुमारे दीडपट झाल्या. १९९३ मध्ये हे छापून आलं आणि खळबळ उडाली. अमेरिकेत बॅटेल संस्थेने तोच प्रयोग करून पाहिला, तर काहीच वाढलं नाही. कोण चुकलं यावर वर्षानुवर्षं वाद झाले. अखेर २००४ मध्ये हॅनोव्हरच्याच गटाने दाखवलं की स्प्रॅग-डॉली या एकाच जातीच्या दोन उपवाणांपैकी एकात परिणाम दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही. कपाशीचे दोन वाण शेजारी लावून एकावरच लाल्या आलेला पाहणाऱ्याला हे नवल वाटणार नाही. पण माणसाचा वाण यातला कुठला, हे रॅट सांगू शकत नाही.

दुसरी अडचण याहून अवघड. लहान मुलांत जो ल्युकेमिया सर्रास दिसतो, तो या नेहमीच्या उंदरांत-रॅटांत आपणहून फारसा उद्भवतच नाही. म्हणजे ज्या रोगाचा संशय, त्याचाच साक्षीदार नाही. आणि माणसांचे आकडे पुरते गप्प बसत नाहीत. २००० साली अँडर्स आल्बोम आणि सहकाऱ्यांनी नऊ अभ्यास एकत्र केले. ०.४ मायक्रोटेस्लाहून जास्त सरासरी असलेल्या घरांत ल्युकेमियाचा धोका दुप्पट निघाला. मात्र ल्युकेमियाच्या ३,२४७ मुलांपैकी अशा घरांतली मुलं फक्त ४४. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००१ मध्ये या क्षेत्राला 'कदाचित कॅन्सरकारक' म्हणजे '२ बी' गटात टाकलं ते या मुलांमुळे; जनावरांचा पुरावा तिने 'अपुरा' ठरवला.

रोगाचं कारण कसं सापडतं, याचं एक उदाहरण जवळच आहे. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस पुंजक्यांनी गळाले. आधी पाण्यावर, मग शाम्पूवर संशय गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी आणि केस तपासून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. सेलेनियम अंगात उरतं, म्हणून सापडतं. चुंबकीय क्षेत्र मागे काहीच ठेवत नाही. तारेतला प्रवाह थांबला की तेही गेलं, आणि रक्ताच्या कुठल्याही तपासणीत ते उमटत नाही. म्हणूनच इथे एकेका पेशंटवरून काहीच ठरत नाही, हजारोंची मोजणीच करावी लागते.

माझा कौल असा: वावरात काम करणाऱ्या मोठ्या माणसाला लायनीखालच्या चुंबकीय क्षेत्राने कॅन्सर होतो, असं उंदरांनी तरी सांगितलेलं नाही. लायनीच्या अगदी खाली हे क्षेत्र साधारण काही मायक्रोटेस्ला भरतं, शंभर मीटरवर ते घरातल्या वायरिंगइतकं उतरतं. तान्हं लेकरू असलेल्या घराची जागा अजून ठरायची असेल, तर ती लायनीपासून लांब धरावी. त्याला खर्च येत नाही. टॉवर मात्र हलत नाही. १८८५ च्या तारायंत्र कायद्याच्या आधाराने तो वावरात येतो, जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते, आणि त्या चौथऱ्यावर पुन्हा पेरणी होत नाही. मोबदल्याच्या अर्जात कोणी कॅन्सरही लिहितो, कारण नुसत्या गेलेल्या जमिनीचं ऐकून घेणारं कोणी भेटलेलं नसतं.

आणि धुऱ्यावरचं तारेचं कुंपण लायनीखालून जात असेल, तर ते जाणकार वायरमनकडून अर्थिंगला जोडून घ्यावं. तो झटका मनाचा खेळ नाही.