आठ कुठे ठेवायचा?

मे महिन्यात अक्कलकोटला भर दुपारी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकवत नाही. पुण्याहून आलेला नातू आणि मी, दोघेही पंख्याखाली अडकून पडलो होतो. सारीपाट काढावा म्हणून मी उठलो, तर या पठ्ठ्याने पिशवीतून चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासे जमिनीवर ओतले.

"आजोबा, आज तुमचा माणूस तयार करूया!"

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकनांनी तो 1974 साली आणला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रे व्हायचे आणि अडले की फासे टाकायचे. मात्र पात्र आधी कागदावर घडवावे लागते.

मला हाफलिंग व्हायचे होते. जेमतेम तीन फूट उंची, घरावर आणि जेवणावर जीव. टॉल्किनच्या हॉबिटचाच हा अवतार. हक्कदारांनी हरकत घेतल्यावर नाव बदलले. आणि पेशा 'क्लेरिक'चा, म्हणजे देवाची उपासना करायची आणि त्या बळावर सोबत्यांच्या जखमा भरून काढायच्या. गंमत म्हणजे, 1974च्या नियमांत हाफलिंगाला फक्त योद्धा होता येई, तेही चौथ्या पायरीपर्यंतच! अशी बंधने 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीने काढून टाकली. हाफलिंगांची देवी योंडाला, भरल्या घराची राखणदार. ज्या गावात अन्नछत्रात रोज हजारो माणसे जेवून तृप्त होतात, तिथल्या मला ती परकी वाटली नाही.

मग आली गुणांची पाळी. बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. वाटायला आकडे सहाच: 15, 14, 13, 12, 10, 8. क्लेरिकची सारी ताकद शहाणपणात, म्हणून 15 तिथे. बळापुढे आठ लिहिताना माझा हात अडला. मी हळूच बारा लिहू लागलो.

"आजोबा, आठ कुठेतरी ठेवावाच लागतो!"

मी जन्मभर गणित शिकवले. माझा मुलगा, म्हणजे याचा बाबा, चित्रे सुरेख काढायचा. गणितात मात्र कच्चा. तो आठ मला कधी सोसला नाही. दहावीच्या वर्षी त्याची रंगपेटी मी माळ्यावर टाकली. गणित सुधारले, नोकरी चांगली लागली. रंगपेटी मात्र त्याने पुन्हा मागितली नाही.

बळापुढे आठ लिहिला. नातवाने सांगितले, 2014च्या नियमांप्रमाणे हाफलिंगाला एक सवलत आहे: वीस बाजूंच्या फाशावर एक पडला, तर तो पुन्हा टाकता येतो.

रात्री मुलाचा फोन आला. एरवी मी नातवाच्या गणिताचीच चौकशी केली असती.

"तू हल्ली चित्रं काढतोस का रे?" मी विचारले.

पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही.