रस्ता रुंद होणार असेल, तर आपलं म्हणणं कुठे मांडायचं?



मागच्या एका ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मोजणीवाले शेतात खुणा करून गेले. आमच्या सहीबगर जमीन घेत्यात का?" मला तिथं नीट उत्तर देता आलं नाही. नंतर नियम वाचले, ते इथं सोप्या शब्दांत सांगते. आपल्या पाथरी-मानवत-परभणीवरून राष्ट्रीय महामार्ग ६१ जातो. जालना-नांदेड द्रुतगती मार्गाच्या आखणीतही आपला जिल्हा आहे. त्यामुळे हा प्रश्न उद्या तुमच्याही दारी येऊ शकतो.

सही लागते का?
राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ नुसार जमीन घेताना मालकाची सही लागत नाही. पण हरकत घेता येते. अधिसूचना निघाली की तिची माहिती दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असतं. अधिसूचनेच्या तारखेपासून २१ दिवसांत लेखी हरकत द्यायची. मोबदला कमी वाटला तर लवादाकडे जाता येतं. थेट खरेदीनं जमीन घेत असतील तर मात्र सही लागते. ती सही पूर्ण कागद वाचून घेतल्याशिवाय करू नका.

जनसुनावणी म्हणजे काय?
रस्त्यामुळे पाणी, माती, झाडं, हवा यांचं काय होईल, याचा अहवाल मोठ्या प्रकल्पाला करावा लागतो. २००६ च्या अधिसूचनेत हा नियम आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ ३० दिवस आधी नोटीस देऊन सुनावणी घेतं. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत वाचायला मिळतो.

सुनावणीत बोलायला जमीन आपल्या नावावर असावी लागत नाही. बोलायची भीती वाटली तर लेखी द्या. आपण मांडलेल्या मुद्द्यांना अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं. सुनावणीचा वृत्तांत ग्रामपंचायतीत लावायचा असतो, तो जाऊन बघा.

एक लक्षात ठेवा, प्रत्येक रुंदीकरणाला जनसुनावणी होत नाही. जुन्या रस्त्याला जादा जमीन लागत नसेल किंवा काम लहान असेल, तर ती टळते. तेव्हा २१ दिवसांची हरकत आणि ग्रामसभेचा ठराव हेच आपले मार्ग.

काय मांडायचं?
"आमचं नुकसान होईल" एवढंच म्हणू नका. गट नंबर, जागा आणि गोष्ट सांगा.
- भराव उंच झाला तर पावसाचं पाणी कुठून जाईल? आपल्या काळ्या रानात चार दिवस पाणी साचलं तर सोयाबीन पिवळं पडतं. मोरी कुठं हवी ते दाखवा.
- जायकवाडीच्या कालव्याची चारी किंवा पाइपलाइन तुटते का?
- भरावाला मुरूम कुठून आणणार? खड्डे कोण बुजवणार?
- शाळेतली लेकरं, बैलगाडी, गुरं रस्ता कुठून ओलांडणार?
- किती झाडं जाणार, बदली कुठं लावणार, कोण जगवणार?

संयुक्त मोजणीच्या दिवशी घरातली एक बाई तरी बांधावर हजर राहा. विहीर, बोअर, गोठा, आंब्याचं झाड नोंदवलं का ते बघा. त्या दिवशी जे सुटतं, त्याचा मोबदला मागताना पुढं फार हेलपाटे होतात.

सातबारा बघा
नोटीस आणि मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला जातो. कष्ट आपले आणि नाव दुसऱ्याचं, असं असेल तर आपल्याला पत्ताही लागत नाही. लक्ष्मीमुक्ती योजनेत पतीच्या संमतीनं पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावता येतं. तलाठ्याकडे चौकशी करा. वारसाची नोंद राहिली असेल तर आधी ती करून घ्या.

या महिन्याच्या बैठकीत हा लेख मोठ्यानं वाचा. मग रस्त्यालगत शेत असलेल्या ताईंची यादी करा आणि ज्यांच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही, त्यांच्यापुढं खूण करा. ती यादी मला द्या, तलाठी कार्यालयात आपण मिळून जाऊ.

तुमची,
क्षेत्र समन्वयक