कार्ड नाही, मग चोरणार काय?

कार्डाविना एटीएममधून पैसे काढण्याबद्दल दोन टोकांचे समज आढळतात. कार्डच नाही तर चोरणार काय, हा एक; आणि मोबाइल हातचा गेला की खाते साफ, हा दुसरा. पहिल्या समजाला रिझर्व्ह बँकेचाच आधार मिळाल्यासारखा वाटतो. एप्रिल २०२२ मध्ये यूपीआयच्या मदतीने ही सोय सर्व बँकांना खुली करण्याचा प्रस्ताव मांडताना, कार्डाची नक्कल करून होणाऱ्या फसवणुकीला आळा बसेल, असे बँकेने म्हटले होते. ते खरेच आहे. कार्डाच्या खाचेवर चोरून बसवलेला स्किमर आणि कीपॅडवर रोखलेला बारीक कॅमेरा यांच्या हाती आता काही लागत नाही. मात्र मशीन नोटा बाहेर काढते ती कार्ड पाहून नव्हे, तर ‘द्या’ असा बँकेचा निरोप आल्यावर. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातली मोठी रक्कम २८ देशांतल्या एटीएममधून निघाली. नकली कार्डे त्यात होतीच, पण ती चालली ती यंत्रणेत घुसून खोटी मंजुरी मिळवल्यामुळे. म्हणून कार्ड आहे की नाही यापेक्षा मंजुरी कोण आणि कशी देतो, हे पाहणे महत्त्वाचे.

ती देण्याच्या पद्धती एकसारख्या नाहीत. स्टेट बँकेच्या योनो कॅशसारख्या सोयीत ॲपवर रक्कम टाकून तात्पुरता पिन ठरवायचा, मग एसएमएसने क्रमांक येतो आणि मशीनवर रक्कम आणि हे दोन्ही भरले की पैसे मिळतात. हे आकडे आणि रक्कम ज्याला कळली, त्याला नोटा मिळाल्या. कुणाला तरी पैसे काढायला धाडायचे तर हे सोयीचे, आणि फोनवरून गोड बोलून आकडे काढून घेणाऱ्यालाही तितकेच सोयीचे. यूपीआयच्या पद्धतीत मशीनच्या पडद्यावर दर वेळी नवा क्यूआर कोड उमटतो. तो त्याच व्यवहारापुरता आणि थोडाच वेळ चालतो. तो आपल्या ॲपने स्कॅन करायचा आणि यूपीआय पिन आपल्याच मोबाइलवर टाकायचा. इथे फोनवर सांगण्याजोगा आकडाच तयार होत नाही, म्हणून ही पद्धत मला अधिक भरवशाची वाटते. तरी कोडचा फोटो पाठवून ‘एवढा स्कॅन करा, पैसे जमा होतील’ असे कुणी म्हणाले, तर नोटा फोटो काढणाऱ्यासमोर पडतील. खात्यात पैसे जमा होण्यासाठी पिन कधीच लागत नाही. मशीनच्या अंगावर चिकटवलेल्या कोडचा तर पैसे काढण्याशी संबंधच नाही. तो स्कॅन केल्यास रक्कम भलत्याच्या खात्यात जाईल.

आता मोबाइल चोरीचे पाहू. नुसता फोन चोरून पैसे निघत नाहीत. पडद्याचे कुलूप, ॲपचे कुलूप आणि यूपीआय पिन, एवढे अडथळे असतात. पण एक सवय यातला शेवटचा अडथळा कमकुवत करते. अनेक जण डेबिट कार्ड मोबाइलच्या कव्हरमध्येच खोचून ठेवतात. यूपीआय पिन नव्याने ठरवायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी लागतो. काही बँका एटीएम पिनही विचारतात. म्हणजे कार्डही तिथेच आणि ओटीपी येणारे सिमही तिथेच! पडद्याचे कुलूप ‘१२३४’ असेल तर मग बघायलाच नको.

एवढी भानगड असेल तर जुने कार्डच बरे, असा आक्षेप येईल. पण पिन सांगून टाकणाऱ्याला कार्डही वाचवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः पिन वा ओटीपी देऊन झालेले नुकसान, तो बँकेला कळवेपर्यंत, त्याच्याच माथी येते, कळवल्यानंतरचे बँकेच्या. त्यामुळे फसगत लक्षात येताच बँकेला आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे. पैसे वजा झाले पण नोटा आल्या नाहीत, तर घाबरून इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधू नये, भामट्यांचे नंबर तिथे पेरलेले असतात. २०१९ च्या नियमानुसार बँकेने अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपणहून परत करायची असते, आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते.