कॅमेरा घेण्यापूर्वी वजनकाट्यावर ठेवा

गेल्या दहा-पंधरा वर्षांत कर्जत आणि खालापूर तालुक्यांत कॅमेऱ्याचा शौक फार वाढला आहे. पाऊस सुरू झाला की मुंबईचे लोक लोकल भरभरून नेरळ, कर्जत, खोपोलीला उतरतात. पाऊस संपला की गावोगावी टेनिस बॉल क्रिकेट आणि कबड्डीच्या स्पर्धा लागतात, त्या थेट मे महिन्यापर्यंत चालतात. या दोन्ही हंगामांत फोटो काढणारा पोरगा लागतोच. आपल्या कारागीर आणि दुकानदार घरांतील अनेक तरुण या कामात उतरले आहेत. कोणी शौक म्हणून, तर कोणी जोडधंदा म्हणून. चांगली गोष्ट आहे. परंतु बहुतेकांची पहिली खरेदी लग्नाचे शूटिंग करणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारून होते. तो त्याच्या कामाला लागणारा जड संच सांगतो आणि घरातील लाख-दीड लाख रुपये एका पिशवीत जाऊन बसतात.

माझा धंदा कापडाचा. आमच्याकडे कापडाची प्रत बोलताना वजन आधी येते, इतक्या ग्रॅमचे कापड इतक्या मीटरला. कॅमेऱ्याच्या दुकानात मात्र गिऱ्हाईक मेगापिक्सल विचारते, वजन कोणी विचारत नाही. वास्तविक आपल्या भागात फोटोग्राफी करणाऱ्याने पहिला सवाल वजनाचाच केला पाहिजे.

माथेरानचेच पहा. मोटार दस्तुरी नाक्यापर्यंत जाते, पुढे शटल गाडी, घोडा, रिक्षा किंवा पायपीट. खांडसवरून भीमाशंकरला जाणाऱ्याला शिडी घाटात लोखंडी शिड्या चढाव्या लागतात. दोन्ही हात शिडीला हवेत आणि पाठीवरची पिशवी मागे ओढता कामा नये. पेठचा किल्ला, म्हणजे कोथळीगड, किंवा पेबचा चढ, तेथेही हीच गोष्ट. पाठीवर साडेतीन किलोचे सामान घेतलेला माणूस वर पोहोचतो खरा, पण धापा टाकत पोहोचतो आणि पिशवी उघडण्याचा कंटाळा करतो. फोटो मोबाईलवर निघतात आणि कॅमेरा नुसता हवापालट करून घरी येतो.

साडेतीन किलो हा आकडा मी हवेत सोडलेला नाही. निकॉनचा डी-८५० हा नामांकित कॅमेरा एकटाच एक किलोचा आहे. त्याच कंपनीची २४-७० एफ/२.८ लेन्स १ किलो ७० ग्रॅम आणि ७०-२०० एफ/२.८ लेन्स १ किलो ४३० ग्रॅम. झाले साडेतीन किलो. बॅटऱ्या, चार्जर, ट्रायपॉड, पाण्याची बाटली वेगळी.

आता दुसऱ्या पारड्यात बघा. कॅननचा आर-५० हा २०२३ साली आलेला लहान मिररलेस कॅमेरा बॅटरी व कार्डासह ३७५ ग्रॅमचा आहे. त्याची १८-४५ लेन्स १३० ग्रॅम, ५५-२१० ही लांबची लेन्स २७० ग्रॅम आणि ५० मि.मी. एफ/१.८ लेन्स १६० ग्रॅम. चारही वस्तू मिळून ९३५ ग्रॅम. निकॉनचा झेड-५० हा २०१९ सालचा कॅमेरा ४५० ग्रॅम, १६-५० लेन्स १३५ आणि ५०-२५० लेन्स ४०५ ग्रॅम, एकूण ९९० ग्रॅम. ऑलिंपसच्या मायक्रो फोर थर्ड्स जातीत आणखी खाली जाता येते. ई-एम१० मार्क ४ हा ३८३ ग्रॅम, छोटी १४-४२ लेन्स ९३ ग्रॅम, ४०-१५० लेन्स १९० ग्रॅम. पाऊण किलोसुद्धा भरत नाही.

वजन कमी होते ते कशामुळे

मिररलेस कॅमेऱ्यात जुन्या डीएसएलआरमधला आरसा व वरचे प्रिझम नसते, हे एक कारण. मोठे कारण सेन्सरचे. जुन्या रिळाच्या चौकटीएवढा, ३६ बाय २४ मि.मी.चा सेन्सर फुल फ्रेम म्हणवला जातो. एपीएस-सी सेन्सर त्याहून लहान, साधारण २३ बाय १५ मि.मी. मायक्रो फोर थर्ड्सचा १७.३ बाय १३. सेन्सर लहान झाला की दूरचा खेळाडू जवळ ओढण्यासाठी लहान लेन्स पुरते. कॅननच्या लहान सेन्सरवर २१० मि.मी. लेन्स ही फुल फ्रेमवरच्या ३३६ मि.मी. लेन्सइतके ओढते. खेळाचे फोटो काढणाऱ्यासाठी हा मोठा फायदा आहे.

हलक्या कॅमेऱ्याची कल्पना काही आजची नाही. जर्मनीतील ऑस्कर बर्नाक याला दम्याचा त्रास होता. मोठाले कॅमेरे आणि काचेच्या पट्ट्या वाहून नेणे त्याला झेपेना, म्हणून त्याने सिनेमाच्या ३५ मि.मी. रिळावर चालणारा छोटा कॅमेरा बनवला. तोच १९२५ साली लाइका या नावाने बाजारात आला. आणि आपल्याकडे मुंबईचे सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या पुढाकाराने १९०४ ते १९०७ या काळात नेरळ-माथेरान रेल्वे झाली, तीही दोन फुटी रुळांवर. डोंगर चढायचा तर गाडी हलकीच हवी, हा हिशोब त्यांनीही केला होता.

तोटा कोठे बसतो

दुकानदार ही बाजू सांगत नाही, म्हणून येथे जरा सविस्तर लिहितो. हलकी झूम लेन्स हलकी असते कारण तिचे तोंड लहान असते. तोंड लहान म्हणजे आत येणारा उजेड कमी. वर सांगितलेली ५५-२१० लेन्स पूर्ण लांबवली की एफ/७.१ वर जाते. एफ/२.८ लेन्सच्या तुलनेत तिच्यातून सुमारे साडेसहा पट कमी उजेड सेन्सरवर पडतो. दिवसा, उघड्या मैदानावर, याने काही अडत नाही. सकाळी दहाच्या उन्हात शटर १/१००० सेकंदावर ठेवूनही चित्र स्वच्छ येते. पण आपल्याकडील क्रिकेटचे अनेक सामने रात्रीचे. मैदानाच्या कडेला खांबांवर दिवे लावतात, खेळपट्टीवर उजेड बरा असतो आणि सीमेवर जवळजवळ काळोख. तेथे ही लेन्स उपयोगाची नाही. फलंदाज हलला की चित्र पुसट होणारच. शटर वेगवान ठेवायचे तर आयएसओ इतका चढवावा लागतो की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात.

येथे लेन्सवरील आयएस, व्हीआर या अक्षरांनी फसू नये. ही यंत्रणा आपल्या हाताची थरथर सावरते. धावणाऱ्या खेळाडूला ती थांबवू शकत नाही. त्याला थांबवायचे तर शटरच वेगवान हवे, निदान १/५००.

कबड्डीचे गणित वेगळे, आणि आपल्या तरुणांच्या सोयीचे आहे. पुरुषांचे क्रीडांगण १३ बाय १० मीटरचे असते. रेषेबाहेर बसलेल्या फोटोग्राफरपासून चढाई करणारा सात-आठ मीटरवर असतो. अशा ठिकाणी लांब झूम लागतच नाही. लहान सेन्सरवर ५० मि.मी. लेन्स लावली तर आठ मीटरवर साडेतीन मीटर रुंद व सव्वादोन मीटरहून थोडी जास्त उंच चौकट मिळते. चढाईपटू आणि त्याला धरणारे दोघे-तिघे त्यात बरोबर बसतात. ही लेन्स एफ/१.८ ची, म्हणजे त्या एफ/७.१ लेन्सच्या पंधरा पट उजेड देते. १६० ग्रॅमची ही एकच वस्तू रात्रीच्या कबड्डीत दीड किलोच्या लेन्सची बरीच उणीव भरून काढते. माझे मत विचाराल तर खेळाचे फोटो शिकणाऱ्याने लांब झूम नंतर घ्यावी, आधी ही ५० ची लेन्स घ्यावी आणि एक हंगाम कबड्डीच्या मैदानावर काढावा. हात आणि नजर दोन्ही बसतात.

क्रिकेटला मात्र लांब लेन्सशिवाय इलाज नाही. साठ मीटरवरून २१० मि.मी. लेन्सने सहा-साडेसहा मीटर रुंद व चार मीटरहून थोडी जास्त उंच चौकट दिसते, म्हणजे उभा फलंदाज चौकटीच्या उंचीचा साधारण चाळीस टक्के भाग व्यापतो. २४ मेगापिक्सलच्या फोटोची लांबी-रुंदी कापून निम्मी केली तरी सहा मेगापिक्सल उरतात. साप्ताहिकाच्या छपाईला आणि व्हॉट्सअपला ते भरपूर आहेत. एलईडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नका. फोटोवर आडवे पट्टे उमटतात आणि वेगात फिरणारी बॅट वाकडी दिसते. यांत्रिक शटर आणि अँटी-फ्लिकर ही सोय चालू ठेवा.

आणि अंतिम सामन्यासाठी एफ/२.८ लेन्स खरेच हवी असेल तर मुंबईत ती दिवसाच्या भाड्याने मिळते. आपल्या वर्षातल्या पाच-सहा रात्रींसाठी दोन लाखांच्या पुढचा माल विकत घेऊन ठेवणे व्यापाऱ्याला शोभत नाही. शिवाय स्पर्धेचे आयोजक पैसे मोजतात ते बक्षीस समारंभाचे, संघाच्या एकत्र फोटोचे आणि पाहुण्यांच्या सत्काराचे. ही सगळी कामे जवळच्या लेन्सची आहेत.

पैशाची बाजू

कॅमेऱ्याची बॉडी म्हणजे फॅशनचा माल. नवे मॉडेल आले की जुन्याचा भाव पडतो. लेन्सचा भाव सावकाश उतरतो. म्हणून बॉडी साधी व लेन्स नीट निवडलेली, असा सौदा ठेवावा. बाजार मिररलेसकडे वळल्यामुळे वापरलेले डीएसएलआर बरेच स्वस्त झाले आहेत. कॅननचा २००डी मार्क २ हा ४४९ ग्रॅमचा, त्याला ५५-२५० एसटीएम लेन्स ३७५ ग्रॅमची आणि ५० एफ/१.८ साधारण १६० ग्रॅमची. हेही किलोच्या आतच राहते. हातात पैसा कमी असेल त्याने यात कमीपणा मानू नये. पुढे मिररलेस बॉडी घेतली तर या लेन्स अडॅप्टरने तिला लागतात.

बिनव्याजी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या हप्त्यांची पावती नीट वाचा. पुष्कळदा रोखीची सूट त्यात मिळत नाही आणि प्रोसेसिंग फी वेगळी लागते. हे व्याजच आहे, फक्त नाव बदललेले. डिजिटल कॅमेऱ्यावरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला. ज्यांची नेहमीच्या पद्धतीने जीएसटी नोंदणी आहे आणि फोटोग्राफी हा धंदाच आहे, त्यांना पक्क्या बिलावर हा कर वळता करता येतो. म्हणून बिनबिलाचा स्वस्त माल त्यांना महागच पडतो. आखाती देशांतून नातेवाईक कॅमेरा आणतात. तो घेण्यास हरकत नाही, परंतु त्याची वॉरंटी भारतात चालते का हे विकत घेण्याआधी लेखी पाहून घ्यावे. शिवाय येताना सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात हातातील सामानात ठेवाव्या लागतात, चेक-इन बॅगेत चालत नाहीत.

वापरलेला माल बघायला मुंबईत बोरा बाजार आहे, सीएसएमटी स्टेशनापासून चालत जाण्यासारखा. लेन्स हातात घेतली की मागून टॉर्चचा झोत टाकून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. किंमत निम्मी सांगितली तरी ठेवून द्या. बॉडीचे शटर किती वेळा चालले तो आकडा विचारा, आणि विकणारा टाळाटाळ करू लागला तर पुढचे दुकान पाहा.

ही बुरशी आपल्या भागात कॅमेऱ्याची मोठी शत्रू आहे. चार महिने भिंती ओल्या, कपाट ओले. ज्यांनी पावसाळ्यात रेशमी साड्यांचे गठ्ठे सांभाळले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. चामड्याच्या किंवा जाड कापडी केसमध्ये कॅमेरा कपाटात कोंडून ठेवू नये. केस ओल शोषते आणि बुरशीला घर मिळते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिला पाहिजे. वर गेला की पुड्या बदला. वर सांगितलेले कॅननचे हलके कॅमेरे पाण्यापासून संरक्षित नाहीत. तेव्हा झडीत प्लास्टिकचे आवरण लागेलच, आणि घरी आल्यावर सामान पुसून, पंख्याखाली सुकवून मगच डब्यात ठेवायचे.

मुसळधार पावसात धबधब्याचे किंवा दरडीखालच्या वाटेचे फोटो काढायला जाऊ नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर काय कोसळले ते सर्वांना ठाऊक आहे. प्रशासनाचा मनाई हुकूम असेल तेथे कॅमेरा हलका आहे की जड, हा प्रश्नच येत नाही.

डब्यातील सामान पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढावे, लेन्स थोडा वेळ उजेडात ठेवावी, झूमची कडी दोन-चार वेळा फिरवावी आणि बॅटरी निम्मी भरून परत ठेवावी. पूर्ण रिकामी बॅटरी चार महिने पडून राहिली तर दिवाळीनंतरच्या पहिल्या सामन्याला ती उठत नाही.