आपला वॉर्ड कंचा?

इलेक्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते दिल्ली, नाहीतर मुंबई. मेसमध्ये ताटं पुढे सरकेपर्यंत पंतप्रधान कोण, मुख्यमंत्री कोण यावर कडाक्याचे वाद होतात. पण त्याच वाद घालणाऱ्याला विचारा, "बाबा रे, तुझा वॉर्ड कितवा?" की स्वारी छताकडे बघू लागते. आमची आज्जी याबाबतीत फार पुढारलेली. ग्रामपंचायतीचं वारं सुटलं की तिचा पहिला प्रश्न, "आपला वाड कंचा, नि जागा कुनाची निगाली?" उमेदवार कोण हे ती नंतर विचारते. तिच्या प्रश्नाचा हा क्रम अगदी शास्त्रशुद्ध आहे, हे मला हा लेख लिहायला बसल्यावर समजलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, सिव्हिक्स इंग्रजीतून पाठ केलं. पण वॉर्ड कोण आखतो याचं एक वाक्यही त्या पुस्तकात वाचल्याचं आठवत नाही.

माझं गाव बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर. कुकडी नदीच्या काठचं. जिऑलॉजीवाल्यांना ते ज्वालामुखीच्या राखेच्या थरामुळे माहीत असतं, बाकीच्यांना "आळेफाट्याजवळ" असं सांगावं लागतं. आमचा तालुका पूर्वी खेड लोकसभा मतदारसंघात होता. २००८ च्या पुनर्रचनेत तो मतदारसंघ गेला आणि २००९ पासून आम्ही शिरूरमध्ये आलो. त्यात जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूर यांच्या जोडीला भोसरी आणि हडपसरही आहेत. म्हणजे कुकडीकाठचा ऊसवाला आणि हडपसरचा फ्लॅटवाला, दोघांचा खासदार एकच! पण नळाला पाणी आलं नाही तर खासदाराला कोण फोन करतं? त्यासाठी लागतो आपल्या वॉर्डाचा माणूस. आणि इथे मात्र गाव आणि उपनगर यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आधी गावाचं गणित बघू. ग्रामपंचायत चालते १९५८ च्या कायद्याने. सदस्य किती, हे लोकसंख्येवर ठरतं. १५०० पर्यंत ७ सदस्य, ३००० पर्यंत ९, ४५०० पर्यंत ११, ६००० पर्यंत १३, ७५०० पर्यंत १५ आणि त्यापुढे कितीही वाढलात तरी १७. या सदस्यांसाठी गावाचे दोन-दोन, तीन-तीन जागांचे वॉर्ड पाडतात. भागाकार करून पाहा. मध्यम गावात साधारण तीन-चारशे माणसांमागे एक सदस्य पडतो. तो रोज पारावर नाहीतर डेअरीवर भेटतो. लपायचं म्हटलं तरी जागा नाही!

वॉर्ड पाडायची पद्धतही इंजिनिअरला आवडेल अशी आहे. तहसीलदार गावाचा नकाशा घेतो (अलीकडे त्यासाठी गूगल अर्थ वापरतात), जनगणनेचे गट त्यावर मांडतो आणि उत्तरेकडून सुरुवात करून दक्षिणेत संपवतो. भाग सलग पाहिजे. मधे नदी, ओढा, रस्ता असेल तर शक्यतो तीच हद्द. लोकसंख्या सगळ्या वॉर्डांत जवळपास सारखी पाहिजे. मग विशेष ग्रामसभेत आरक्षणाची सोडत निघते. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा त्यांची लोकसंख्या ज्या वॉर्डात जास्त तिथे जातात, आणि महिलांच्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठी बहुधा शाळेतल्या एखाद्या लहान पोराकडून काढून घेतात. त्याला काय माहीत, की त्याच्या हाताने कुणाची पाच वर्षांची तयारी पाण्यात गेली आणि कुणाच्या घरातली सून उद्याची सदस्य झाली!

ही चिठ्ठी साधी नाही. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या, आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. आमच्या आज्जीच्या पिढीत बाई ग्रामपंचायतीत बसणं ही बातमी होती. आता बाईच नसणं ही बातमी होईल, कारण तसं घडूच शकत नाही. "सही बाईची नि कारभार नवऱ्याचा" हा टोमणा मीही ऐकला आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तो खोटाही नाही. पण कायद्याने खुर्ची मिळाली नसती तर सहीसुद्धा नवऱ्याचीच राहिली असती, असं माझं मत.

सरपंचाचा किस्सा तर आणखी मजेशीर. वर्षानुवर्षं सदस्य आपल्यातूनच सरपंच निवडत. २०१७ मध्ये सरकारने ठरवलं, सरपंच थेट जनतेतून. २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने ते रद्द केलं. २०२२ मध्ये तिसरं सरकार आलं आणि पुन्हा थेट. पाच वर्षांत एकाच खुर्चीचे तीन नियम! जानेवारी २०२१ च्या निवडणुकांत तर सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर काढली. म्हणजे सरपंचपद कोणत्या गटाला जाणार हेच माहीत नसताना लोकांनी मतं दिली. त्याच वेळी नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथे पदांचा चक्क लिलाव झाल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुका रद्द केल्या. "बिनविरोध" हा शब्द ऐकला की मला तेव्हापासून जरा शंकाच येते.

असो. आता शहराकडे वळू. पुणे महानगरपालिका स्थापन झाली १९५० मध्ये आणि तिची पहिली निवडणूक झाली १९५२ मध्ये. पुढे पुष्कळ वर्षं साधा हिशोब होता, एक वॉर्ड एक नगरसेवक. २००२ मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग आले. २००७ ला परत एक. २०१२ ला दोन. २०१७ ला चार. पुढे आधी एक सदस्याचा निर्णय झाला, मग २०२१ मध्ये तीनचा, मग २०२२ मध्ये सरकार बदललं आणि पुन्हा चार. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं ते ४१ प्रभागांत १६५ जागांसाठी, ४० प्रभाग चारचे आणि एक पाचचा. आमच्या लॅबमध्ये एखाद्या प्रयोगाचं सेटअप इतक्या वेळा बदललं तर सर जर्नल तोंडावर फेकतील.

बरं, एक असो वा चार, फरक काय पडतो? खूप पडतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे चार जणांच्या प्रभागात साधारण ८४ हजार लोक येतात. एवढ्या पसाऱ्यात घरोघरी फिरणं एकट्या-दुकट्या अपक्षाच्या ताकदीबाहेरचं. पक्षाचं पॅनल पाहिजे, पैसा पाहिजे. २०१२ मध्ये दोनच्या प्रभागांत मनसेचे २९ नगरसेवक पुण्यात निवडून आले होते, २०१७ मध्ये चारच्या प्रभागांत उरले २. तेवढ्यात देशाचं राजकीय हवामानही बदललं होतं, म्हणून सगळा दोष प्रभागाच्या आकाराला देता येणार नाही. पण मोठा प्रभाग मोठ्या पक्षाला मानवतो, हे सगळेच पक्ष जाणतात. म्हणून तर जो सत्तेवर येतो तो आधी फूटपट्टी हातात घेतो. आणि मतदाराचं काय? गटार तुंबलं की चारही जण एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे.

पण या सगळ्यात मला सर्वात अचंबा वाटला तो एका वॉर्डाचा. पुणे मनपाचा प्रभाग क्रमांक ४२.

झालं असं. ऑक्टोबर २०१७ मध्ये पुण्याभोवतीची ११ गावं मनपात घेतली. लोहगाव, मुंढवा आणि हडपसर-साडेसतरा नळी यांचा उरलेला भाग, शिवणे, उत्तमनगर, दोन्ही आंबेगावं (ही कात्रजजवळची, आमच्या शेजारचा आंबेगाव तालुका नव्हे), उंड्री, धायरी, फुरसुंगी आणि उरुळी देवाची. मनपाची निवडणूक त्याच वर्षी फेब्रुवारीत उरकली होती. ग्रामपंचायती बरखास्त, आणि नगरसेवक नाही. मग जून २०१९ मध्ये या ११ गावांसाठी निवडणूक घेतली. किती प्रभाग केले असतील? एक! नगरसेवक किती? दोन!

हा प्रभाग नकाशावर बघा. लोहगाव विमानतळाकडे, फुरसुंगी सासवड रोडला, धायरी सिंहगड रोडला, शिवणे त्याहून पलीकडे. मधे अख्खं पुणे शहर. "भाग सलग पाहिजे" हा जो नियम बोरीसारख्या गावात ओढ्यापर्यंत काटेकोर पाळतात, तो इथे कुठे गेला? लोहगाव पुणे लोकसभेत, साडेसतरा नळी शिरूरमध्ये, धायरी बारामतीत. तीन खासदारांच्या हद्दीत पसरलेला एक वॉर्ड! आणि आता आपलं ग्रामपंचायतीचं कोष्टक लावा. एकट्या फुरसुंगीएवढ्या गावाला १७ सदस्य मिळतात. सगळ्या गावांना कमीत कमी सातच धरले तरी ११ गुणिले ७ म्हणजे ७७. त्या जागी दोन. निकाल लागला तेव्हा एक जागा राष्ट्रवादीला आणि एक भाजपला गेली. त्या दोघांनी किती गावं फिरायची आणि कुणाच्या पाण्याच्या टँकरसाठी भांडायचं, तुम्हीच सांगा.

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचं दुखणं तर जुनं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं तिथल्या डेपोत पडत आला. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागल्यावर गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या होत्या. त्याच वर्षी गाव मनपात गेलं. मिळकतकर शहराचा आला, पण पाणी आणि रस्ते शहरासारखे आले नाहीत, अशी लोकांची तक्रार. मार्च २०२२ मध्ये मनपाची मुदत संपली, प्रशासक आले आणि ते दोन नगरसेवकही गेले. ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचना यांचे खटले सुप्रीम कोर्टात चालले होते, त्यामुळे निवडणूक जवळजवळ चार वर्षं लांबली. (२०२१ च्या मध्यावर आणखी २३ गावं मनपात आली, त्यांना तर २०२६ पर्यंत नगरसेवक म्हणजे काय ते दिसलंच नाही.) शेवटी फुरसुंगी आणि उरुळी देवाची मनपातून बाहेर काढली, २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली.

मी हिशोब मांडला. ऑक्टोबर २०१७ ते डिसेंबर २०२५, एकूण ९८ महिने. त्यात फुरसुंगीकरांना निवडून दिलेला स्थानिक प्रतिनिधी होता तो जून २०१९ ते मार्च २०२२, म्हणजे ३३ महिने. उरलेले ६५ महिने अर्ज द्यायचा तो थेट साहेबांच्या टेबलावर. तोही शहरात जाऊन. बोरीतली माणसं ग्रामपंचायतीला शिव्या देतात, मीही देते. पण शिव्या द्यायला समोर कुणीतरी आहे, ही चैन आहे हे मला या आकड्यांनी दाखवलं.

अजून एक गंमत राहिली. २०२६ चे प्रभागसुद्धा २०११ च्या जनगणनेवर आखले आहेत, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. ती जनगणना झाली तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्यानंतर पुण्याच्या कडेला जे टॉवर उभे राहिले, त्यातली माणसं वॉर्डाच्या लोकसंख्येत मोजलेलीच नाहीत. गर्दी वाढली ती कडेला, म्हणून मत हलकं झालं तेही कडेलाच. आपल्यापैकी जे शिक्षणानंतर नोकरीसाठी इथेच राहणार आहेत, ते बहुतेक करून याच कडेच्या वस्तीत भाड्याने राहतील.

आता थोडं कामाचं. प्रभागाचा नकाशा आधी प्रारूप म्हणून जाहीर होतो. गावात तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागतो आणि हरकतींसाठी ठराविक दिवस देतात. हरकतींवर सुनावणी प्रांतसाहेब घेतात, अंतिम मान्यता जिल्हाधिकारी देतात. आपल्या वस्तीचा अर्धा भाग ओढ्यापलीकडच्या वॉर्डात टाकला असेल तर तेव्हाच लेखी सांगायचं, मतदानाच्या दिवशी बोंबलून उपयोग नाही. आणि हॉस्टेलवाल्यांनो, मतदार यादीत नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, गावी किंवा इथे. माझं बोरीला आहे. मत देण्याचं वय अठरा, ते माझं झालं. उभं राहायला एकवीस लागतात, त्याला अजून वर्ष आहे. शिवाय १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्याला सरपंचपदासाठी सातवी पासची अट आहे. ती मात्र मी पुरी करते, केटी लागलेली असली तरी!