ट्राउट मत्स्यपारध

ट्राउट मत्स्यपारध : पहाडी नद्यांच्या थंड, वाहत्या पाण्यातील ट्राउट हा मासा काठी, दोर व कृत्रिम माशी बांधलेला गळ यांच्या साहाय्याने पकडण्याचा छंद. उपजीविकेसाठी वा व्यापारासाठी केल्या जाणाऱ्या मासेमारीहून हा प्रकार वेगळा असून त्यात किती मासे मिळाले यापेक्षा नदी व मासा यांची वर्तणूक ओळखण्याच्या कौशल्याला महत्त्व असते. भारतात ट्राउट मुख्यत्वे काश्मीर, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, सिक्कीम, अरुणाचल प्रदेश आणि दक्षिणेत निलगिरी व मुन्नार येथील उंच डोंगरांतील ओढ्यांत आढळतो. महाराष्ट्रात तो नाही. त्यामुळे येथील हौशी पारध्याला दूरचा प्रवास, परवाना, हंगाम व स्थानिक वाटाड्या यांचा विचार करून सफर आखावी लागते.

इतिहास : मॅसिडोनियातील लोक गळाला लाल लोकर व पिसे बांधून मासे पकडीत, असा उल्लेख ईलियन या लेखकाने इ. स. २०० च्या सुमारास केला आहे. आयझाक वॉल्टनच्या द कम्प्लीट अँग्लर (१६५३) या ग्रंथाने इंग्लंडमध्ये या छंदाला प्रतिष्ठा मिळवून दिली. भारतात गळाने मासे धरण्याच्या करमणुकीची परंपरा त्याहून जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, गळ, दोर आणि आमिषे यांचे वर्णन आहे.

ट्राउट मूळचा भारतातील नव्हे. १८६३ मध्ये फ्रान्सिस डे यांनी तो निलगिरीत आणण्याचा प्रयत्न केला, परंतु तो फसला. काश्मीरमध्ये १८९९ साली आलेली अंडी वाटेतच नष्ट झाली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून मात्र तपकिरी ट्राउटची (साल्मो ट्रुटा) पैदास यशस्वी झाली. तेथूनच १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात बीज नेण्यात आले. निलगिरीत याच सुमारास इंद्रधनुषी ट्राउट (ऑन्कोऱ्हिंकस मायकिस) स्थिरावला. थंड पाण्यातील माशांच्या संशोधनासाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९८७ मध्ये स्वतंत्र केंद्र स्थापन केले. ही संस्था भीमताल (उत्तराखंड) येथे आहे.

अधिवास : ट्राउटला सामान्यतः १०° ते १८° से. तापमानाचे पाणी मानवते. पाणी २०° से.च्या वर गेल्यास त्याला ताण पडतो व सु. २५° से.च्या पुढे तो फार काळ जगत नाही. याचे एक कारण पाण्यात विरघळणारा प्राणवायू हे होय. १०° से. तापमानास एक लिटर गोड्या पाण्यात सु. ११·३ मिग्रॅ. प्राणवायू विरघळू शकतो, २०° से.ला हे प्रमाण ९·१ मिग्रॅ. व ३०° से.ला ७·६ मिग्रॅ. इतके घटते. उलट, पाणी तापते तशी माशाची प्राणवायूची गरज वाढत जाते.

पुण्याच्या नैर्ऋत्येस वारजे येथून वाहणाऱ्या मुठा नदीचे उदाहरण घेतल्यास महाराष्ट्रात ट्राउट का नाही, हे स्पष्ट होते. नदीचे पात्र येथे समुद्रसपाटीपासून केवळ साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंच असून उन्हाळ्यात दुपारचे तापमान ३८° से.पर्यंत चढते. अशा वेळी उथळ व संथ पाणी ट्राउटच्या सहनशक्तीपलीकडे तापते. हवेचे तापमान दर १,००० मी. उंचीला साधारणपणे ६·५° से. ने उतरते, हे लक्षात घेता विषुववृत्ताच्या अधिक जवळ असलेल्या निलगिरीत ट्राउट तग का धरतो, याचा उलगडा होतो : तेथील ओढे सु. २,००० मी. उंचीवर आहेत. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मी. उंच आहे आणि त्या उंचीवर बारमाही नदी नाही. म्हणून सह्याद्रीत ट्राउट सोडण्याची कल्पना मुळातच अव्यवहार्य ठरते.

मुठेचा स्वतःचा पारधी मासा महसीर हा होय. खडशी वा खुद्री या नावांनी ओळखला जाणारा दख्खनी महसीर (टॉर खुद्री) शास्त्राला प्रथम ज्ञात झाला तो पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतूनच. कर्नल डब्ल्यू. एच्. साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे वर्णन केले आणि स्थानिक मराठी नावच जातिनाम म्हणून कायम केले. आज वारजे परिसरात ही नदी पारधीस योग्य राहिलेली नाही. खडकवासला धरणाचे पाणी शहराच्या पुरवठ्यासाठी व कालव्यांत वळविले जाते. पावसाळ्यातील विसर्ग सोडल्यास पात्रात स्वच्छ प्रवाह फारसा राहत नाही व शहरी सांडपाणी त्यात मिसळते. पाणी सोडले जाते तेव्हा ते अल्पावधीत चढते. परिणामी नदीशी ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्या पुणेकराने काठी फेकण्याचा सराव मोकळ्या मैदानावर करावा आणि नदीचे निरीक्षण धरणांच्या वरील भागातील स्वच्छ ओढ्यांवर करावे, हे सोयीचे ठरते.

हंगाम व स्थळ : सफर आखताना तारीख सर्वप्रथम ठरवावी लागते, स्थळ त्यानंतर. तपकिरी ट्राउट हिवाळ्याच्या आरंभी नदीतळाच्या खड्यांत खळगे करून अंडी घालतो. या काळात त्याला त्रास होऊ नये म्हणून हिमाचल प्रदेशात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट पकडण्यास बंदी असते. मार्च ते मेचा पूर्वार्ध या अवधीत पाणी निवळ असते. मेच्या उत्तरार्धात व जूनमध्ये बर्फ वितळून नद्या दुथडी भरतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये कुलू भागातील पाणी पावसाने गढूळ होते. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ पुन्हा अनुकूल असतो. काश्मीर खोऱ्यात मॉन्सूनचा जोर कमी असल्याने तेथे उन्हाळ्याचे महिनेही उपयोगी पडतात. महाराष्ट्रातील शाळांची मे महिन्यातील सुटी ही प्रवासासाठी सोयीची वाटली, तरी तिचा उत्तरार्ध नदीच्या दृष्टीने बहुधा प्रतिकूल असतो.

हिमाचल प्रदेशातील तीर्थन, सैंज, उहल, पब्बर व बास्पा आणि काश्मीरमधील लिद्दर, सिंद व ब्रिंगी या नद्या ट्राउटसाठी प्रसिद्ध आहेत. नवशिक्याला मध्यम आकाराची व काठाने चालता येईल अशी नदी योग्य ठरते. तीर्थन खोऱ्यात जाण्यासाठी पुण्याहून दिल्ली व पुढे चंडीगड, मंडीमार्गे औट गाठून बंजारकडे वळावे लागते. जाण्यायेण्याचे किमान चार दिवस वेगळे धरून नदीवर निदान चार दिवस मिळतील, अशी आखणी करावी. यांपैकी एक दिवस पावसामुळे वाया जाईल हे गृहीत धरणे इष्ट होय.

परवाना : ट्राउटच्या नद्यांवर राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना आवश्यक असतो. तो ठराविक दिवसांसाठी व ठराविक टप्प्यासाठी असतो. काश्मीरमध्ये नदीचे असे टप्पे ‘बीट’ या नावाने पाडलेले आहेत. दिवसाला किती व किती लांबीचे मासे ठेवता येतील, कोणते आमिष चालेल, याच्या अटी परवान्यासोबत येतात व त्या वेळोवेळी बदलतात. म्हणून प्रवासाचे आरक्षण करण्यापूर्वी चालू वर्षाच्या अटी विचारून घ्याव्यात. नदीचा निवडलेला भाग राष्ट्रीय उद्यानाच्या वा अभयारण्याच्या हद्दीत येत नाही, याचीही खात्री करणे जरूर असते.

वाटाड्या : अनुभवी स्थानिक वाटाड्या मासे कोठे आहेत, हे दाखवतो, परंतु त्याचे खरे मोल नदी केव्हा धोक्याची होते, हे त्याला ठाऊक असण्यात आहे. दोन पारध्यांमागे एक वाटाड्या हे प्रमाण योग्य समजले जाते. त्याची नेमणूक करताना वरच्या बाजूस धरण वा वीजगृह आहे काय व पाणी केव्हा सोडले जाते. प्रथमोपचाराची काय सोय आहे. दरात जीप, जेवण, परवाना व साधने यांपैकी कशाचा समावेश आहे. आणि हवामान बिघडल्यास पैशांचे काय, या चार बाबी आधी स्पष्ट कराव्यात. आपला अनुभव, वय, पोहता येते की नाही व गुडघ्यांचे दुखणे वगैरे गोष्टी वाटाड्याला मोकळेपणाने सांगणे हितावह असते, कारण दिवसाची मजल तो त्यावरच ठरवतो.

साधने : सामान्य गळात शिशाचे वजन दोर ओढून नेते. माशीच्या गळात मात्र माशी जवळजवळ वजनरहित असल्याने जाड, निमुळत्या दोराचे वजनच तिला पुढे नेते. त्यामुळे काठी व दोर एकाच क्रमांकाचे असावे लागतात. लहान व मध्यम पहाडी नद्यांसाठी २·४ ते २·७ मी. लांबीची, ४ वा ५ क्रमांकाची काठी पुरेशी होते. दोराच्या टोकास सु. २·७ मी. लांबीचा बारीक, पारदर्शक नायलॉनचा धागा जोडून त्याला माशी बांधतात. पृष्ठभागावर तरंगणारी कोरडी माशी, पाण्याखालची ओली माशी, कीटकाच्या अळीसारखी दिसणारी अप्सरिका-माशी आणि लहान माशासारखी दिसणारी पिसांची माशी हे माशीचे मुख्य प्रकार होत. नदीतील दगड उलटून त्याखाली मे-माशी, कॅडिस माशी वा स्टोन माशी यांच्या कोणत्या अवस्था आहेत, हे पाहून माशीची निवड करतात. यांखेरीज घसरणार नाहीत असे बूट, टेकावयाची काठी, धुवित चष्मा व पाण्याचा तापमापक बरोबर असावा. माशी फेकताना गळ डोळ्यात जाण्याची भीती असल्याने चष्मा ही चैनीची वस्तू नव्हे.

पद्धती : ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, खडकाच्या आडोशाला वा वेगवान व संथ पाण्याच्या सीमेवर थांबतो व वाहत येणारे भक्ष्य टिपतो. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्यावरील जग त्याला सु. ९७° कोनाच्या एका गोल खिडकीतूनच दिसते. म्हणून पारध्याने खालच्या अंगाने, वाकून व सावली पाण्यावर न पाडता जवळ जावे. माशी प्रवाहाच्याच वेगाने वाहिली पाहिजे; दोराने ती ओढली गेल्यास मासा तिला शिवत नाही.

सुरक्षितता : बर्फावर पोसलेल्या नद्यांचे पाणी सकाळी कमी व दुपारनंतर अधिक असते. त्यामुळे सकाळी सहज ओलांडलेले पात्र परतताना ओलांडता येईलच, असे नाही. मांडीच्या वर पाणी असल्यास पात्रात उतरू नये. धरणांचा धोका याहून गंभीर आहे. ८ जून २०१४ रोजी बिआस नदीत थलौटजवळ उतरलेल्या सहलीतील २४ विद्यार्थी व एक मार्गदर्शक लारजी धरणातून अकस्मात सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. पाण्याचा रंग बदलणे, काटक्या व पाने वाहत येणे किंवा आवाज वाढणे ही पाणी चढत असल्याची लक्षणे होत. ती दिसताच साधने टाकून काठ चढावा.

मासा सोडणे व संवर्धन : पकडलेला मासा जिवंत सोडावयाचा असल्यास उलटा काटा नसलेला गळ वापरतात. मासा हाताळण्यापूर्वी हात ओले करावेत, त्याला पाण्याबाहेर काही सेकंदांहून अधिक काळ धरू नये आणि प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः निसटेपर्यंत आधार द्यावा. पाणी २०° से.च्या वर असल्यास पारध थांबवावी; अशा वेळी सोडलेला मासाही पुष्कळदा मरतो. एका नदीतून दुसरीकडे जाताना बूट व जाळे धुऊन पूर्ण वाळवावे, म्हणजे शैवाले व रोगजंतू पसरत नाहीत.

ट्राउटच्या लागवडीने हिमालयात करमणूक व रोजगार निर्माण झाला. तथापि अन्न व जागा यांसाठी शायझोथोरॅक्स वंशातील देशी माशांशी त्याची स्पर्धाही सुरू झाली. मासा एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात नेण्याचे परिणाम महाराष्ट्राच्या महसीराबाबतही दिसून आले आहेत. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपन्यांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० नंतर दख्खनी महसीराची कृत्रिम पैदास यशस्वी झाली व तेथील बीज अनेक राज्यांत पाठविण्यात आले. कावेरीत सोडलेला हा मासा तेथे फोफावला. त्या नदीतील मूळचा कुबडा महसीर (टॉर रेमादेवी) मात्र घटत गेला व २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला. धरणे, वाळूउपसा व सुरुंगाने होणारी मासेमारी ही त्याच्या ऱ्हासाची अन्य कारणे होत. याउलट देहू येथील इंद्रायणीचा डोह आणि महाडजवळील वाळणकोंड येथे लोकांनी देवाचे मासे मानून महसीर राखले आहेत. तेथे गळ टाकला जात नाही. ज्या नदीत बाराही महिने स्वच्छ पाणी व अंडी घालण्यास खडेयुक्त तळ शिल्लक असेल, तेथेच मासा टिकतो. पारधीचा छंदही अखेर त्यावरच अवलंबून असतो.